सहा रोलर आणि चिमूटभर मेण

चिनी बनावटीच्या कुठल्याही छोट्या स्कूटरखाली टॉर्च मारून बघा. इंजिनाच्या खोक्यावर, खालच्या अंगाला, धुळीत आणि तेलात माखलेली एक ओळ ठोकलेली सापडते: १३९क्यूएमबी, किंवा १५२क्यूएमआय, किंवा १५७क्यूएमजे. पुढच्या पत्र्यावर कंपनीचं नाव काहीही असो, गाडीचं खरं नाव हे. आणि ते वाचायला शिकलं की गाडी न उघडताच इंजिनाबद्दल बरंच काही कळतं.

पहिला आकडा १, म्हणजे एकच सिलिंडर. पुढचे ३९ म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये, गॅरेजच्या भाषेत बोअर. क्यू म्हणजे पंख्याच्या हवेने थंड होणारं इंजिन. एम म्हणजे मोटारसायकलच्या जातीचं. शेवटचं अक्षर सीसी सांगतं: बी असेल तर ५०, आय असेल तर १२५, जे असेल तर १५०. याचा पडताळा कागद-पेन्सिल घेऊन घरीच करता येतो. ३९ मिमी बोअर आणि पिस्टनची चाल ४१.५ मिमी धरा, शाळेतलं वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र लावा, उत्तर साडेएकोणपन्नास सीसीच्या आसपास येतं. १५७ चं नेमकं बोअर ५७.४ आणि चाल ५७.८, गुणाकार केला की १४९.६ सीसी. धातूवर ठोकलेल्या सहा अक्षरांत एवढं बसवलेलं आहे, आणि ते कुणालाही वाचता येईल असं उघड्यावर आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या सगळ्या इंजिनांच्या घराण्याला जीवाय६ म्हणतात. मूळ घडण होंडाची. तैवानमधल्या काओशुंग शहरातल्या क्वांग यांग कंपनीने, म्हणजे आजच्या किमकोने, ती आपलीशी केली आणि तिथून ती चीनमध्ये पसरली. झेजियांग, ग्वांगडाँग, चोंगचिंग अशा ठिकाणच्या असंख्य कारखान्यांनी ती उचलली. कुणी फक्त सिलिंडर ओततं, कुणी फक्त कार्बोरेटर बनवतं, कुणी नुसती जोडणी करतं. म्हणून वीस वेगवेगळ्या नावांच्या स्कूटर शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि त्यांची प्लास्टिकची आवरणं काढली, तर आत बहुधा तेच इंजिन असतं. घरी दुरुस्ती करणाऱ्याला याचा मोठा आधार आहे. स्पेअर पार्ट कंपनीच्या नावावर शोधायचा नाही, इंजिनाच्या कोडवर शोधायचा. मात्र जुना पार्ट हातात घेऊन मोजल्याशिवाय नवा मागवू नये. १३९ मध्येच व्हॉल्व्हच्या लांबीचे दोन प्रकार आहेत, ६४ मिमी आणि ६९ मिमी, आणि बाहेरून बघून फरक कळत नाही.

माझा भाचा ओहायोत शिकतो. मोटार परवडत नाही म्हणून त्याने जुनी १५० सीसीची अशीच एक स्कूटर घेतली. ती बंद पडली तेव्हा गॅरेजवाल्याने हात लावायलाही नकार दिला. अमेरिकेत हे सर्रास घडतं. तिथे मजुरी तासावर मोजतात, आणि दोन-चार तासांची मजुरी जुन्या चिनी स्कूटरच्या किमतीला जाऊन भिडते. मग मालकाला स्वतःच पाना हातात घ्यावा लागतो. आम्ही ती गाडी फोनच्या कॅमेऱ्यातून उघडत गेलो, आणि एरवी सीटखाली दडलेल्या कितीतरी गोष्टी त्या निमित्ताने बघायला मिळाल्या.

बंद इंजिनाला तीनच प्रश्न विचारायचे असतात. पेट्रोल पोचतंय का, प्लगला करंट येतोय का, कॉम्प्रेशन आहे का. जगातला प्रत्येक मिस्त्री हेच विचारतो. पण या गाडीत प्रत्येक प्रश्नामागे एक नवल दडलेलं आहे.

पेट्रोलपासून सुरुवात करू. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांना हाताने फिरवायचा पेट्रोल कॉक असायचा. चालू, बंद, रिझर्व्ह. या स्कूटरला तसा कॉक दिसतच नाही, कारण तो स्वतःच उघडतो आणि मिटतो. टाकीखालच्या छोट्या डबीतून दोन नळ्या निघतात. एक जाड, पेट्रोलची. दुसरी बारीक, ती इंजिनाच्या इनटेकला जोडलेली. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, त्या ओढीने बारीक नळीत निर्वात तयार होतो, आणि डबीतला रबरी पडदा मागे सरकून पेट्रोलची वाट मोकळी करतो. इंजिन थांबलं की ओढ संपते आणि स्प्रिंग पडदा पुन्हा जागेवर दाबते. श्वास चालू असेपर्यंतच पेट्रोल मिळतं.

आता दोष कुठे येतो? बहुतेक वेळा त्या बारीक नळीत. या गाड्यांचं मूळचं रबर हा त्यांचा सगळ्यात कच्चा दुवा आहे. उन्हात आणि पेट्रोलच्या वाफेत दोन-तीन वर्षांत त्याला भेगा पडतात, ओढ वाटेतच गळते, आणि भरलेल्या टाकीखाली इंजिन उपाशी राहतं. तपासणी सोपी आहे. पेट्रोलची नळी कार्बोरेटरपासून सोडवून बाटलीत धरायची आणि बारीक नळीला औषधाच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज लावून ओढायची. बाटलीत धार पडली तर कॉक ठीक, नळी बदला. तोंडाने मात्र कधी ओढू नका, कारण पडदा फाटलेला असेल तर त्या नळीतूनच पेट्रोल येतं. सिरिंजमध्ये पेट्रोल आलं तर कॉकच बदलायचा, कारण तसं पेट्रोल थेट इंजिनात उतरतं, प्लग ओला होतो आणि तेलातही पेट्रोल मिसळतं. माझं मत विचाराल तर अशी स्कूटर घरी आली की आधी सगळ्या रबरी नळ्या बदलून टाकाव्यात. खर्च अगदी किरकोळ असतो आणि निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत.

पुढे कार्बोरेटर. आपण मुठीने रेस देतो तेव्हा कार्बोरेटरमधली फक्त एक पितळी पाकळी फिरते. पेट्रोलची सुई आणि तिचा स्लाइड वर उचलायचं काम आपल्या हातात नाही. वर एक पातळ काळा रबरी पडदा आहे. हवेचा वेग वाढला की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि तो स्लाइडला आपणहून वर ओढतो. कितीही घाईने मूठ पिळली तरी इंजिनाला पेलेल तेवढंच मिश्रण मिळतं. त्या पडद्याला टाचणीएवढं भोक पडलं तर गाडी उभ्या उभ्या छान चालते आणि रस्त्यावर मात्र पिकअपच घेत नाही. वरच्या झाकणाचे दोन स्क्रू काढून पडदा उजेडासमोर धरला की भोक लगेच दिसतं.

मला सगळ्यात जास्त हरखून टाकलं ते कार्बोरेटरच्या कडेला बसलेल्या एका छोट्या नळकांड्याने. त्यातून दोन वायरी निघतात. हा या गाडीचा आपोआप चालणारा चोक. थंड इंजिनाला सुरू होताना जास्त पेट्रोल लागतं, हे जुन्या गाडीवाल्यांना पाठ असतं. चोक ओढायचा, गाडी गरम झाली की आठवणीने ढकलायचा. इथे ती आठवण ठेवण्याचं काम मेणाकडे आहे. नळकांड्यात चिमूटभर मेण भरलेलं असतं आणि त्याला चिकटून एक छोटा हीटर. इंजिन थंड असताना मेण घट्ट, आकसलेलं. त्यामुळे पुढची सुई मागे असते आणि जादा पेट्रोलची वाट उघडी. इंजिन सुरू झालं की हीटरला वीज मिळते, मेण वितळतं. वितळताना मेणाचं आकारमान दहा-पंधरा टक्क्यांनी वाढतं, आणि बंद डबीत वाढायला जागा नसल्यामुळे ते सुईला पुढे ढकलतं. चार-पाच मिनिटांत जादा पेट्रोलची वाट बंद. मोटारीच्या थर्मोस्टॅटमध्येही हीच युक्ती असते.

भाच्याने ते नळकांडं काढून टेबलावर ठेवलं, सुईची लांबी कॅलिपरने मोजून कागदावर लिहिली आणि दोन वायरी १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडल्या. काहीच होईना. "मामा, हे गेलेलं दिसतंय," तो म्हणाला. मी म्हटलं, थांब जरा, बोट लावून बघ. नळकांडं कोमट झालं होतं. सुई सरकताना डोळ्यांना दिसत नाही. पाच मिनिटांनी त्याने पुन्हा कॅलिपर लावला तेव्हा ती काही मिलिमीटर पुढे आली होती. वायर सोडली, नळकांडं निवलं, आणि ती पुन्हा मागे गेली. ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. मेणाच्या एका गुणावर कुणीतरी नेमकं बोट ठेवलं आणि त्यातून हे यंत्र घडलं. ही वायर निसटलेली असेल तर चोक कायम उघडा राहतो: प्लग काजळतो, धुराला पेट्रोलचा वास येतो, ॲव्हरेज पडतं. लोक मग कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतात आणि खरा दोष एका सुटलेल्या वायरीत असतो.

गाडी महिना-दोन महिने उभी राहिली आणि मग सुरूच होईना, तर दोष बहुधा पायलट जेटमध्ये. या पितळी जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत साठलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट पिवळसर थर राहतो. तो एवढंसं भोक सहज बुजवतो. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे त्रास वाढतो. अमेरिकेत पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते साधारण दहा टक्के असतं, आपल्याकडे आता वीस. जेट साफ करायला वायरीतली तांब्याची एक तार घ्यावी. पोलादी टाचणी घालू नये. पितळ मऊ असतं, भोक नकळत मोठं होतं आणि त्या इंजिनाचं मिश्रण कायमचं बिघडतं.

करंटची गोष्ट तशी थोडक्यात सांगता येते, पण तीही विलक्षण आहे. बॅटरी पार मेलेली असली तरी ही स्कूटर किकवर सुरू होते, याचं कारण प्लगला लागणारी वीज बॅटरीतून येतच नाही. मॅग्नेट फिरतो, शेजारच्या कॉइलमध्ये वीज तयार होते, सीडीआयच्या काळ्या डबीतला कपॅसिटर ती काहीशे व्होल्टपर्यंत साठवतो. मॅग्नेटच्या बाहेरच्या अंगाला एक उंचवटा असतो. तो पिकअप कॉइलसमोरून गेला की डबी सगळी वीज एका क्षणात इग्निशन कॉइलमध्ये रिकामी करते, आणि प्लगच्या फटीत हजारो व्होल्टची ठिणगी उडते. मिनिटाला ८००० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला एकशेतेहतीस ठिणग्या. त्यांतल्या निम्म्या वाया जातात, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनाला दोन फेऱ्यांत एकच ठिणगी लागते, पण मॅग्नेटला दोन्ही फेऱ्या सारख्याच.

करंट येत नसेल तर प्लग काढून, टोपीत बसवून, इंजिनाच्या धातूला टेकवून किक मारायची. आसपास पेट्रोल सांडलेलं नको. ठिणगी नसली तर सीडीआय घ्यायला धावू नका. आधी त्याच्या सॉकेटमधली काळी-पांढरी वायर सोडवा. चावी बंद केली की हीच वायर करंट जमिनीत उतरवते आणि इंजिन थांबतं. ती सोडल्यावर ठिणगी आली, तर दोष चावीच्या स्विचमध्ये. मात्र ती सुटलेली असताना चावीने इंजिन बंद होत नाही, म्हणून तपासणी झाली की पुन्हा जोडायची. आणि सेल्फ मारल्यावर नुसती शांतता असेल तर ब्रेक दाबून मागचा लाल दिवा बघा. सेल्फची वीज ब्रेकच्या स्विचमधून जाते. दिवा लागत नसेल तर दोन्ही तक्रारींचं मूळ लिव्हरखालचा तो एवढासा स्विच किंवा उडालेला फ्यूज.

तिसरा प्रश्न कॉम्प्रेशनचा, आणि तिथे बहुतेकांची समजूत उलटी असते. टॅपेट वाजतात म्हणून लोक घाबरतात. खरी काळजी करावी ती टॅपेट अगदी गप्प झाल्यावर. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर आपटून आपटून हळूहळू आत रुतत जातो आणि रॉकरशी असलेली फट मिटत जाते. ती पूर्ण मिटली की व्हॉल्व्ह घट्ट बसतच नाही, दाब निसटतो, सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. फट ठेवायची तरी किती? ५० सीसीला ०.०५ मिमीच्या आसपास, १५० ला ०.१० पर्यंत, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतकी. गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, तिला लांबायला ठेवलेली ही जागा. म्हणून टॅपेट सेटिंग इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचं, रात्रभर उभी ठेवलेली गाडी सकाळी उघडायची.

मॅग्नेट फिरवून त्यावरची टी ही खूण खोक्यावरच्या खुणेसमोर आणायची. कॅमच्या दातेरी चाकाला तीन भोकं असतात; मोठं भोक इंजिनाच्या बाहेरच्या दिशेला असेल आणि दोन छोटी भोकं हेडच्या कडेशी समांतर, तर पिस्टन योग्य स्ट्रोकच्या माथ्यावर आहे. मोठं भोक आतल्या बाजूला असेल तर आणखी एक पूर्ण फेरी द्यायची. मग फिलर गेजची पट्टी फटीत सरकवायची. ती अडली तर फट कमी, सळकन गेली तर जास्त. किंचित ओढ लागून सरकली की झालं. ती ओढ बोटांना एकदा कळली की पुढे विसरत नाही.

आता डाव्या बाजूचं लांबट झाकण उघडू. या गाडीला गिअर नाहीत असं आपण म्हणतो, पण खरं तर तिला अगणित गिअर आहेत. पुढे इंजिनाच्या शाफ्टवर आणि मागे चाकाजवळ शंकूच्या उताराच्या तबकड्यांची एकेक जोडी, आणि दोन्हींमधून फिरणारा रबरी बेल्ट. पुढच्या जोडीच्या पाठीमागे सहा रोलर असतात, १५० मध्ये १८ मिमी व्यासाचे आणि १४ मिमी रुंद. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की रोलर बाहेर फेकले जातात, उतारावर चढतात आणि तबकडी पुढे ढकलतात. तबकड्या जवळ येतात, बेल्ट त्यांच्यात पिळून वर चढतो, मोठ्या वर्तुळात फिरू लागतो. बेल्टची लांबी तीच असल्यामुळे मागे तो तबकड्या फाकवून खोल उतरतो. गाडी न अडखळता वरच्या गिअरमध्ये जाते. चाकाला ताकद पोचवणारे क्लच शूसुद्धा फिरण्याच्याच जोरावर बाहेर येऊन घंटेच्या आतून घट्ट बसतात.

मागच्या तबकड्यांमध्ये तिरकस खाचा कोरलेल्या असतात, ते मला या सगळ्यांत सुंदर वाटतं. चढ लागला, चाकावर भार आला, की त्या खाचांमुळे मागच्या तबकड्या आपोआप एकमेकींकडे ओढल्या जातात, बेल्ट मागे वर आणि पुढे खाली सरकतो. गाडीला चढ कळतो आणि ती स्वतःच गिअर उतरवते.

ही कल्पना रस्त्यावर मोठ्या प्रमाणावर आणली हॉलंडच्या हूब फान डोर्नेने, १९५८ च्या डाफ ६०० या छोट्या मोटारीत. आपल्याकडे फिरोदियांच्या किनेटिक होंडाने १९८० च्या दशकात बिनगिअरच्या स्कूटरची गोडी लावली, आणि आजची ॲक्टिव्हाही याच तत्त्वावर पळते. झाकण उघडायचं धैर्य केलंत तर ओहायोतली चिनी स्कूटर आणि कोथरूडमधली ॲक्टिव्हा आतून सख्ख्या बहिणी वाटतील.

बेल्टवर ७४३-२०-३० किंवा ८४२-२०-३० असं छापलेलं असतं: लांबी मिमीमध्ये, रुंदी मिमीमध्ये, उताराचा कोन अंशांत. बेल्ट झिजून अरुंद झाला की टॉप स्पीड कमी होतो. रोलर चपटे झाले की ते उतारावर अडतात, गाडी एकाच गिअरमध्ये अडकल्यासारखी चालते. रोलरना ग्रीस लावू नये, ते कोरडेच चालतात. आणि नवा बेल्ट बसवताना सगळ्यात जास्त जपायची गोष्ट ही: मागच्या तबकड्या हाताने फाकवून बेल्ट आधी तिथे खोल बसवायचा, म्हणजे पुढे तो सैल राहतो. तसं केलं नाही तर पुढची तबकडी बेल्टवरच आवळली जाते. नट घट्ट लागला असं वाटतं, प्रत्यक्षात तबकडी शाफ्टवर पूर्ण बसलेली नसते. थोडी गाडी चालली की नट ढिला होतो आणि शाफ्टवरचे दाते कापले जातात. दहा मिनिटांचं काम पूर्ण इंजिन उघडण्यावर जातं.

तेलाचं फारसं सांगायला नको. इंजिनात साधारण पाऊण ते एक लिटर, आणि खालच्या मोठ्या झाकणामागे जाळी आणि स्प्रिंग. झाकण सोडताना ती दोन्ही तेलाबरोबर खाली पडतात, तेव्हा भांडं धरूनच सोडावं. नव्या गाडीचं पहिलं तेल काहीशे किलोमीटरमध्येच बदलावं, त्यात धातूची चमक तरंगताना दिसते. मागच्या चाकाजवळच्या गिअर ऑइलची कुणाला आठवणच राहत नाही. जेमतेम शंभर-सव्वाशे मिली असतं, पण तेवढ्यावर मागचे सगळे गिअर तरतात.

ओहायोत हिवाळ्यात चार महिने स्कूटर बाहेर काढता येत नाही. तेव्हा कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू ढिला करून वाटीतलं पेट्रोल काढून टाकायचं, जेट बुजायचा प्रश्नच उरत नाही. वसंतात पहिल्यांदा सेल्फ माराल तेव्हा गाडी लगेच घेणार नाही. वाटी कोरडी आहे. आधी पिस्टनच्या ओढीने कॉक उघडायला हवा, मग वाटी भरायला हवी, मग कुठे ठिणगीला जाळायला काही मिळेल. पाच सेकंद सेल्फ, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा पाच सेकंद. सलग दाबून धरलात तर सेल्फची मोटार तापेल.